मोठ्या चेटकिणीचा आवाज

आमच्या घरात एक आवाज आहे. तो माझा म्हणून ओळखला जातो, पण तो माझा नाही. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्यासोबत वडाळीच्या तलावाकडं फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. तो आवाज माझ्या आईचा आहे. मी तो उचलून एका चेटकिणीला दिला, आणि कोणाचा म्हणून विचारलं तेव्हा माझाच आहे असं सांगितलं.

मुलगी दुसरीत होती. अमरावतीत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथून तिनं एक इंग्रजी कादंबरी उचलली. लहान मुलांचीच, पण चांगली जाड. मुखपृष्ठावर तीन चेटकिणी एकाच झाडूवर दाटीवाटीनं बसलेल्या, आपल्याकडं बाजाराच्या दिवशी एका मोटरसायकलवर अख्खं घर बसतं तशा. मी म्हणालो, "हे तुला वाचायला जड जाईल." ती म्हणाली, "मी कुठं वाचणार आहे? तू वाच आणि मराठीत सांग."

मी मुळात कमी बोलणारा माणूस. ऑफिसात माझ्या टेबलासमोर दोन माणसं तासभर बसून गेली तरी माझे शब्द बोटांवर मोजता येतात. त्यामुळे गोष्ट सांगायची म्हटल्यावर मला धडकीच भरली. पहिलं प्रकरण मी बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं. मुलगी जांभई देत म्हणाली, "बाबा, तुझ्या सगळ्या चेटकिणी सारख्याच बोलतात."

गोष्ट मात्र फार मजेची होती. तीन बहिणी, तिघी चेटकिणी, एका थंड गावात राहायच्या. गावातली माणसं त्यांना घाबरेनाशी झाली होती. पोरं दारावरची बेल वाजवून पळून जात नसत, आत येऊन पाणी मागत. मग काम काय करायचं? तर तिघींनी मुलांना शाळेत पोचवायचा परवाना काढला. झाडूवर पुढं मुलं, मागं दप्तरं टांगलेली. आमच्या मुलीच्या शाळेच्या ऑटोत मुलं अशीच कोंबलेली असत, दप्तरं बाहेर लोंबत, त्यामुळे तिला हे चित्र लगेच पटलं. मधल्या चेटकिणीला उंचीची भीती. ती झाडू गुडघ्याएवढ्या उंचीवरूनच चालवायची आणि गल्लीतली कुत्री तिच्या मागं लागायची. धाकटीचे मंत्र कायम चुकायचे. एकदा चौकात हिरवा दिवा लागावा म्हणून तिनं मंत्र टाकला, तर वाहतूक शिपायाचाच बेडूक झाला. पण बेडूक मोठा कर्तव्यदक्ष निघाला. तो तिथंच बसून शिट्टी वाजवत राहिला, आणि लोकही थांबत राहिले.

आणि मोठी. मोठीचा झाडू थंडीत सुरूच व्हायचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्या प्रसंगापाशी आलो. पुस्तकात एवढंच होतं की मोठी वैतागली आणि झाडूला काहीतरी बोलली. मुलं दारात ताटकळत उभी, शाळेची वेळ झालेली. मी पानावरून नजर उचलली. पुढं काय सांगावं ते सुचेना. आणि तोंडातून एकदम निघालं:

"उठ न बे बयताडा! रोज सकायी तुहे नाटकं. काल काय मी तुले उपाशी ठेवलं होतं? पोट्टे उभे हायेत दारात, त्याईच्या शायेची घंटी होऊन राहिली, आन् हा पाह्य कसा लंबा पडला, जावई आल्यावानी!"

मुलगी अशी हसली, अशी हसली की गादीवरून खाली घसरली. "पुन्हा! बाबा, पुन्हा उठव त्याला!"

मी पुन्हा उठवला. त्या संध्याकाळी झाडू काही केल्या उठेना, कारण आम्हा दोघांनाही तो उठायला नको होता.

माझी आई वस्तूंशी बोलायची. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं, आमच्या दोन खोल्या होत्या. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि माझ्यापेक्षाही कमी बोलत. मीही तसाच निघालो. त्यामुळे त्या दोन खोल्यांत बोलणारी एकटी आई, आणि तिला उत्तर देईल असं कोणी नव्हतं. ती स्टोव्हशी बोले, नळाशी बोले, उतू जाणाऱ्या दुधाशी बोले. नळ गुरगुरला की, "येतं का जातं रे बावा, काय ते एक सांग. उगाच घसा साफ नोको करू." कुकरला, "आयकलं, आयकलं मी. साऱ्या गल्लीले काहून सांगून राहिला?" भाकरी फुगली नाही तर तव्याला जाब विचारी, आणि फुगली तर भाकरीचं कौतुक करी: "हे पाह्य, ही माही गुणाची." माणसांवर तिनं आवाज चढवलेला मला आठवत नाही. जे काही बोलायचं ते भांड्याकुंड्यांच्या वाट्याला जाई, आणि भांड्यांना ते चालत असे.

मला लहानपणी त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा वेगळं वाटलं. हॉस्टेलवर मी तोंड उघडलं की पोरं एकमेकांकडं बघायची. पहिले काही महिने मी गप्प राहिलो, आणि एकदा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर आईचा आवाज काढला. पाण्याच्या जगला रागावलो, अगदी तिच्यासारखा. टेबल हसून हसून कोसळलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यातला झालो. "ए अकोला, जरा तुझी म्हातारी कर ना," असं म्हणत ते मला रात्रीच्या जेवणानंतर खोल्याखोल्यांतून फिरवत. मी करायचो. हळूहळू माझं स्वतःचं बोलणं मी धुऊन पुसून पुणेरी करून घेतलं आणि आईचं बोलणं तेवढं नकलेसाठी ठेवलं.

म्हणजे मुलीसमोर तो आवाज आला तो आपोआप आला, हे अर्धंच खरं. तो घासून तयार होता.

तरीही एक सांगायला हवं. मुलीला सांगताना मी तिला हसवत होतो, पण माझ्या आत वेगळंच काही चाललेलं असे. नोकरी अमरावतीत, आई अकोल्यात. तीन तासांचाही रस्ता नाही, तरी माझं जाणं सणावारापुरतं. ऑफिसात फायली उपसताना माझं मन संध्याकाळच्या प्रकरणावर असायचं. आज मोठी काय म्हणेल? तिच्या कढईनं रुसून बसायचं ठरवलं तर ती कढईची समजूत कशी काढेल? आणि मला आईचं काहीतरी आठवायचं, पंधरावीस वर्षं न आठवलेलं. झाकण बसेना तेव्हा ती काय म्हणाली होती, सुईत दोरा जाईना तेव्हा काय म्हणाली होती. पुण्यात असतानापासून मला जे गमत नव्हतं, म्हणजे करमत नव्हतं, ते त्या अर्ध्या तासात गमायला लागलं. गोष्ट सांगताना मी अकोल्याच्या स्वयंपाकघरात बसलेला असायचो. हे सुख मी त्या पुस्तकाचं म्हणून घेतलं. पुस्तकाचंही ते होतंच. पण कोणाच्या जिवावर होतं, ते मी कोणाला कळू दिलं नाही.

त्याच हिवाळ्यात आई आमच्याकडं आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन अमरावतीत झालं, दुसऱ्याचं महिन्याभरानं करू असं डॉक्टर म्हणाले. तोवर राहा इथंच, असं बायकोनं तिला मनापासून सांगितलं. बायको पुण्याची, पण तिनं आईच्या बोलण्याला कधी नाव ठेवलं नाही. नावं ठेवायची भीती होती ती माझ्याच डोक्यात. आई आली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं ते हे, की आता ही सोसायटीत, जिन्यात, शेजाऱ्यांसमोर लिफ्टशी बोलेल.

ती बोललीही. "काय वं बाई, कुठी अडकली होती? आमी उभे राहून राहून बुढे झालो." शेजारच्या कुटुंबानं हसून पाहिलं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

डोळ्याला काळा चष्मा, हालचाल कमी, त्यामुळे ती दिवसभर बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसून असे. मुलगी सकाळी शाळेत, दुपारी शिकवणीला, मग खाली खेळायला. नातीची आणि तिची अजून नीट ओळखच व्हायची होती. त्या काळ्या चष्म्याला नात जरा बिचकायची. आम्ही वाचायला बसायचो ते आतल्या खोलीत, दिवेलागणीला, जेवणाच्या आधी. आई आल्यावर पहिले काही दिवस मी वाचनच टाळलं. मुलगी हट्ट करायला लागली. एका संध्याकाळी वाटलं, दिवाणावर आईचा डोळा लागलाय. दार लोटलं आणि सुरुवात केली.

प्रकरण भारी होतं. झाडूंची तपासणी करायला सरकारी साहेब येतो. मधलीचा झाडू पाहून शेरा मारतो, उंची कमी. धाकटी त्याला चहा देते, त्यात चुकून मंत्र पडतो आणि साहेबाच्या मिशा कबुतरं होऊन उडून जातात. आणि मोठीचा झाडू ऐन वेळी पसरून पडतो. मी सुटलोच.

"अरे माह्या बावा, साहेब आले साहेब! त्याईच्यासमोर तरी इज्जत ठेव माही. तुले तेल पाजलं, उन्हात वायवलं, सतरंजीवर निजवलं, अजून काय पाह्यजे तुले, हुंडा?"

मुलगी किंचाळत हसत होती. आणि तेवढ्यात बाहेरून आणखी एक हसू आलं. दबलेलं, खोकल्यासारखं, पदर तोंडावर धरलेलं. आई जागी होती आणि हसत होती.

मी थांबायला हवं होतं, किंवा दार उघडायला हवं होतं. तेव्हाच मुलीनं विचारलं, "बाबा, हा आवाज कोणाचा आहे रे?"

बायको दारात कपड्यांच्या घड्या घेऊन उभी होती. मुलगी माझ्या तोंडाकडं बघत होती. बाहेरचं हसू थांबलं होतं, आता मला वाटतं ते माझं उत्तर ऐकायला थांबलं होतं. तुझ्या आजीचा, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "कोणाचा असणार? माझाच. मी काढलाय."

"पण असं कोणी बोलतं का, झाडूशी वगैरे?"

"माणसं नाही बोलत. चेटकिणीच बोलतात."

मुलीला उत्तर पटलं. मी पुढचं पान उलटलं. बाहेरून काही आलं नाही.

आता, चेटकीण हा शब्द माझ्या मुलीला पुस्तकातला होता. टोकदार टोपी, झाडू, बेडूक. आईला तो पुस्तकातला नव्हता. बार्शीटाकळीकडच्या तिच्या माहेरी तिची एक मावशी होती, नवरा गेलेली, एकटी राहणारी. गावात कोणाचं तरी लेकरू आजारी पडलं आणि तो शब्द तिला चिकटवला गेला. मग कोणी तिच्या हातचं पाणी घेईना, कोणी तिच्या दारावरून पोर नेईना. शेवटी ती गाव सोडून गेली आणि पुन्हा कोणाला दिसली नाही. हे आईनं मला मी शाळेत असतानाच सांगितलं होतं. मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तो शब्द तोंडातून जाताना मला मावशी आठवली नाही, असं मी म्हणू शकत नाही. आठवली. पण तोवर वाक्य पुरं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मागं घेण्यापेक्षा पुढं वाचणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. स्वयंपाकघरात आई नातीला म्हणत होती, "बाळा, तुझं दूध पिऊन झालं का?"

असं तिनं आयुष्यात कोणाला विचारलं नव्हतं. शब्द रेडिओवरच्या बाईसारखे, एकेक जपून ठेवलेले, काचेची भांडी मांडावीत तसे. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. कोणी त्याला काही बोललं नाही. दूध उतू गेलं, ते तिनं मुकाट्यानं पुसलं. त्यानंतर नातीशी ती कायम तशीच बोलली. आणि परक्या भाषेत माणूस जेवढं बोलतो तेवढंच बोलली. जेवलीस का, झोप आली का, अभ्यास झाला का.

बायकोनं मला विचारलं, "आईंना बरं वाटत नाही का? अगदीच गप्प झाल्यात."

मी म्हणालो, "डोळ्याचं असेल."

थोड्या दिवसांनी आईनंच विषय काढला. "बापू, मले अकोल्याले नेऊन घाल."

"आणि दुसरा डोळा?"

"एकानं दिसून राहिलं चांगलं. अठी गमत नाही मले."

मी जास्त आग्रह केला नाही. केला असता तर कारण विचारावं लागलं असतं.

एसटीनं निघालो. ती खिडकीशी, काळा चष्मा लावून. बडनेरा मागं पडलं. काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "त्या बुढीचा झाडू निघाला काय मंग?"

मला आधी कळलंच नाही. "कोणता झाडू?"

"अरे त्या पुस्तकातला. साहेब आला होता ना तपासाले. मंग काय झालं?"

मी सांगायला लागलो. मग तो साहेब शेरा लिहितो, मग परवाना रद्द होण्याची वेळ येते, मग मोठ्या चेटकिणीला सिद्ध करावं लागतं की तिला अजूनही कोणाला तरी घाबरवता येतं. मी ऑफिसातली टिपणी वाचावी तसं सांगत होतो. आई खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मध्येच तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"असं नोको सांगू. पोरीले सांगत होता तसं सांग."

बस गच्च भरलेली होती, पण ते कारण नव्हतं. कोणी आमच्याकडं बघतही नव्हतं. ती मला तिचा आवाज तिच्यासमोर काढायला सांगत होती. ते माफ करणं होतं की नुसतं ऐकायची हौस होती, मला माहीत नाही. दोन्ही असेल. मी तोंड उघडलं. तो आवाज हॉस्टेलच्या टेबलावर आला, मुलीच्या गादीवर आला, आणि ज्या बाईचा होता तिच्यासमोर येईना.

"विसरलो आता," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. हात काढून घेतला. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी खाली उतरून तिच्यासाठी शेंगदाणे आणले. तिनं पुडी उघडली, मला अर्धे दिले. पुढचा सगळा रस्ता आम्ही शेंगदाणे खाल्ले.

घरी पोचलो तर कुलूप निघेना. बरेच दिवस बंद होतं. आई किल्ली फिरवत होती आणि मी शेजारी पिशव्या घेऊन वाट बघत होतो. आता बोलेल. आता त्या कुलपाची खरडपट्टी काढेल. मी मनातल्या मनात तिचं वाक्यसुद्धा तयार केलं होतं. तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "पाह्य बरं, तुह्यानं निघते काय."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं पुढं अकोल्यातच करून घेतलं, शेजारणीला सोबत नेऊन. मला झाल्यावर फोन आला.

आईला घरी सोडून त्या रात्रीच मी अमरावतीला परतलो होतो. दोन दिवसांनी मुलीनं पुस्तक पुढं केलं आणि मी ते शेवटपर्यंत वाचलं. त्याच आवाजात. हेही सांगून टाकतो, मजा आली. शेवटच्या प्रकरणात मोठी चेटकीण कोणालाच घाबरवू शकत नाही, किती डोळे वटारते, किती दात विचकते, कोणी घाबरत नाही. तेव्हा झाडूवर बसणारी मुलंच खुणा करून एकदम किंकाळ्या फोडतात, खोट्या खोट्या, साहेबाला दाखवायला, आणि तिचा परवाना वाचतो. मुलगी उड्या मारत किंचाळली. मीही किंचाळलो. बायको धावत आली. आमच्या घरात इतका आवाज त्याआधी झाला नव्हता.

त्यानंतर आई बरीच वर्षं होती. मी जायचो, यायचो, बहुतेक एकटाच. माझ्याशी ती वऱ्हाडीतच बोले, नातीशी रेडिओसारखी. पण मी असताना वस्तूंशी बोललेलं पुन्हा ऐकलं नाही. वय झालं, आपोआप सुटलं असेल, अशी मी समजूत करून घेतली. ती गेली तेव्हा दिवसकार्यासाठी आम्ही जुन्या शहरातल्या घरी होतो. मला एकट्याला मागच्या दारी गाठून शेजारीण रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "तुमची माय भल्ली बोले बापा भांड्याइले! भिताडातून आयकू ये आमाले. मी त पोट्ट्याइले टीवी बंद कराले लावो. म्हणो, आयका, बुढी आज गाळणीले धुऊन काढून राहिली."

"कधीपर्यंत बोलत होती?" मी विचारलं.

"कधीपर्यंत म्हंजे? दवाखान्यात नेलं त्या दिवशी बी बोलली. चपलीले."

म्हणजे तिचं बोलणं संपलंच नव्हतं. माझ्यापुरतं तिनं ते आवरून ठेवलं होतं. मी दाराशी आलो की थांबायचं, गेलो की सुरू. एवढी वर्षं मी भिंतीच्या या बाजूला बसलो होतो आणि शेजारची पोरं त्या बाजूला टीव्ही बंद करून ऐकत होती. मला त्या पोरांचा हेवा वाटला. आजही वाटतो.

मुलगी आता पुण्यात नोकरी करते. रविवारी सकाळी तिच्या सोसायटीतल्या लहान मुलांना गोळा करून गोष्टी वाचून दाखवते. ते जुनं पुस्तक तिनं घरून नेलं, पाठीला चिकटपट्टी लावून. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "बाबा, मला नाही जमत मोठी चेटकीण. तू रेकॉर्ड करून पाठव ना."

मी आतल्या खोलीत दार लावून बसलो आणि फोनवर रेकॉर्ड करायला लागलो. झाडू उठवला, कढईची समजूत काढली, साहेबाला चहा पाजला. बऱ्याच वर्षांनी तो आवाज काढला, पण कुठं अडखळलो नाही. संपल्यावर पुन्हा ऐकलं. आईच्या श्वासाची जागा, वाक्य वर नेऊन मध्येच सोडून द्यायची ढब, सगळं तसंच. मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. त्यात मध्ये मध्ये खरी ती येते आणि लगेच तिचा मी होतो.

रविवारी मुलीचा फोन आला. मागं मुलांचा गलका चालला होता.

"बाबा, वेडी झालीत पोरं! एक मुलगी तर आपल्या वॉटरबॅगला रागावतेय. सगळे विचारतायत, कोण आहे ही आजी?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, आजी नाहीये, माझे बाबा आहेत. त्यांनी बनवलीय." ती हसली. मग म्हणाली, "गंमत बघ ना. तुझ्या चेटकिणीचा आवाज मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. आणि आपल्या आजीचा आवाज कसा होता ते मला आठवतच नाही. किती शांत होती ना ती?"

या वेळी बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "शांत होती."

तिनं फोन ठेवला. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो आणि हे लिहायला घेतलं. लिहिणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं. पण हे छापून आलं आणि तिच्या वाचनात आलं, तरी मी तिला सांगितलं असं होणार नाही, हे मला कळतं. मुलीला तिची आजी मी अजून दिलेली नाही. माझ्या नावावर ठेवून घेतली आहे. तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं, तो आवाज कोणाचा होता ते मला तिला सांगायचं आहे. ते अजून बाकी आहे.